नळ एकच, पाणी तीन तऱ्हांचं: पुण्यातल्या एका अ‍ॅक्सोलोटलसाठी पाणी तयार करताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातलं, २०२५ च्या पहिल्या सहामाहीतलं. सिंहगड रस्त्याच्या परिसरातली मध्यम आकाराची सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई-वडील नोकरी करणारे, घरात आजी आणि नववीतली मुलगी. ओळख पटेल असे बाकीचे तपशील वगळले आहेत. लोकांना टँक बसवून देणं आणि त्यातल्या पाण्याच्या तपासण्या करणं हे माझं काम. त्यामुळे ओळखीतून विचारणा आली तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता: "अ‍ॅक्सोलोटल बुक केलाय, फेब्रुवारीअखेर मिळेल. पाणी कसं तयार करायचं?"

मुलीला पाण्यात राहणारा हा मेक्सिकन प्राणी माइनक्राफ्टमुळे माहीत होता. २०२१ मध्ये तो त्या खेळात आला आणि तेव्हापासून शाळकरी मुलांची मागणी एकदम वाढली, हा माझाही अनुभव. वडिलांनी कॉलेजात असताना गप्पी आणि गोल्डफिश पाळले होते. त्यामुळे घरात आत्मविश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तोच सुरुवातीला आडवा आला. गोल्डफिश बऱ्याच चुका पोटात घालतो. अ‍ॅक्सोलोटल घालत नाही.

हा मासा नव्हे, उभयचर. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, आणि तिथलं पाणी बारमाही गार. तिथे १९९८ च्या गणनेत दर चौरस किलोमीटरला ६,००० प्राणी होते, २०१४ मध्ये ३६ उरले. जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र त्यांची पैदास जोरात चालते. १८६४ मध्ये पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांपासून ती परंपरा सुरू झाली. आपल्याकडे दुकानात मिळतात तेही टँकमध्ये जन्मलेले. पण पिढ्यानपिढ्या काचेत वाढला म्हणून शरीराची गरज बदललेली नाही. पाणी १६ ते १८ अंश सेल्सिअस हवं, फार तर २०. चोविसाच्या वर गेलं की भूक मंदावते, बुरशी धरते. पीएच साडेसाताच्या आसपास उत्तम, साडेसहा ते आठ चालतो. पाणी थोडं जड, म्हणजे क्षारांचं, असलेलं बरं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे २० मिलिग्रॅम) आसपास किंवा त्याखाली. त्वचा उघडी, कल्ले डोक्याबाहेर झुपक्यांसारखे लोंबणारे. पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं.

अडचण

दुकानदाराने वडिलांना सांगितलं होतं, "काही नाही होत साहेब. टँक भरा, अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, अर्ध्या तासाने सोडून द्या." वर पांढरे खडे, एक रंगीत दिवा आणि हवेचा पंप असा संच दिला होता. खडे मी पहिल्या भेटीतच बाहेर काढायला लावले, कारण अ‍ॅक्सोलोटल खाणं ओढून घेताना खडाही गिळतो. पण तो विषय पाण्याचा नाही, म्हणून इथे लांबवत नाही.

पहिल्या भेटीत स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०, पीएच ७.५, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ४, केएच (पीएचला आधार देणारे कार्बोनेट क्षार) ३. खडकवासला धरणाचं पाणी असं मऊच, कमी क्षारांचं असतं. चार-पाच दिवसांनी वडिलांनी हौसेने विकत घेतलेलं टीडीएसचं पेन त्याच नळाखाली धरलं आणि फोन केला, "पेन बिघडलंय बहुतेक. ५४० दाखवतंय."

पेन बिघडलेलं नव्हतं. वॉचमनला विचारल्यावर उलगडा झाला. महापालिकेचं पाणी कमी आलं की खालच्या टाकीत बोअरचं पाणी सोडतात, आणि तेही पुरलं नाही तर टँकर मागवतात. तीन पाणी एकाच टाकीत, एकाच मोटरने वर, एकाच नळातून घरात. त्यामुळे 'आमच्याकडचं पाणी कसं आहे' या प्रश्नाला एक उत्तरच नव्हतं. सोमवारचं वेगळं, शनिवारचं वेगळं. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येणार, ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. शुक्रवारचं पहिलं पाणी गढूळ येतं.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. त्या जानेवारीत याच भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले होते आणि पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं होतं. सोसायटीने टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकायला सुरुवात केली. माणसांसाठी ते योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण किती टाकायची याचं माप नव्हतं. प्लंबर अंदाजाने टाकायचा. टीसीएल टाकलेल्या दिवशी मी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी केली. गावाकडे आरोग्य सेवक विहिरीच्या पाण्याची करतात तीच, नळीत थेंब टाकून रंग पाहायचा. नेहमी फिकट पिवळा येतो. त्या दिवशी गडद, नारिंगीकडे झुकणारा आला. अँटी-क्लोरीनच्या बाटलीवरचं थेंबांचं प्रमाण नेहमीच्या पुरवठ्यातलं क्लोरीन धरून लिहिलेलं असतं. अशा दिवशी तेवढेच थेंब टाकले तर पाण्यात क्लोरीन उरतं, आणि कल्ल्यांचे तंतू पहिल्यांदा तेच जाळतं.

तिसरी अडचण दिसत नव्हती, पण सगळ्यात मोठी होती: उन्हाळा. टँकमधल्या पाण्याची चर्चा फेब्रुवारीत चालली होती, आणि तेव्हा पहाटे टँकचं पाणी २१ अंश असायचं. घरच्यांना वाटलं, जमतंय की.

कोणतं पाणी: चार पर्याय

आरओचं पाणी आजींनी सुचवलं. "आपण पितो ते शुद्धच ना?" घरोघरी हाच विचार असतो. त्या प्युरिफायरचं पाणी तपासलं: टीडीएस २५, केएच शून्य. यात क्षारच नाहीत. प्राण्याच्या अंगातले क्षार बाहेर झिरपतात आणि पीएचला कसलाही आधार राहत नाही. क्षार नसलेलं पाणी घेऊन त्यात मोजून क्षार घालणं हा मार्ग आहे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात अ‍ॅक्सोलोटलची मोठी पैदास ठेवली जाते, तिथे ठरावीक मिठांचं हॉल्टफ्रेटर द्रावण ४० टक्के तीव्रतेचं करून वापरतात. पाणी दर वेळी तंतोतंत सारखं. पण घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवतो. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत त्यासाठी सतत आरओ चालवणं मला पटलं नाही, घरच्यांनाही नाही.

बोअरचं पाणी: टीडीएस ८५०, जीएच २४, केएच १८, नायट्रेट ४०. नुसतं वापरायचा प्रश्नच नव्हता. पण वडील इंजिनिअर. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एक भाग बोअर, चार भाग महापालिकेचं: जीएच ८, केएच ६. अगदी पुस्तकी पाणी! हिशेब बरोबर होता आणि हा पर्याय आम्ही बराच वेळ घोळवला. मी विरोध केला तो दोन कारणांनी. मार्चनंतर बोअरची पातळी खाली जाते तसे आकडे बदलतात, म्हणजे मिश्रण दर वेळी नव्याने काढावं लागणार. आणि शहरी बोअरमध्ये ४० नायट्रेट म्हणजे जवळपास कुठेतरी सांडपाणी मुरतंय. नायट्रेट मोजता येतं. त्याच्यासोबत आणखी काय मुरतंय ते घरच्या किटमध्ये दिसत नाही.

टँकरचं पाणी आकड्यांवरूनच बाद झालं, दर खेपेला वेगळं.

उरलं महापालिकेचं. त्याचा दोष मऊपणा, आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता. ठरलं ते असं: टीडीएस पेनवर १२० च्या आत आकडा असेल त्याच दिवशी पाणी भरायचं. शुक्रवारी भरायचं नाही. थेट टँकमध्ये कधीच ओतायचं नाही. आधी १०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये, पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड आत ठेवून, किमान एक दिवस. मग ओटी टेस्ट. नळीत पाणी बिनरंगी राहिलं तरच पुढे, नाहीतर अँटी-क्लोरीन टाकून पुन्हा टेस्ट. अँटी-क्लोरीन साधं सोडियम थायोसल्फेटचं घेतलं. कोरफडीचा अर्क घातलेली कंडिशनर माशांसाठी विकतात, ती उभयचरांच्या त्वचेसाठी टाळतात. ड्रम नवा, अन्न साठवायचा घेतला, कारण भंगारवाल्याकडच्या ड्रममध्ये आधी काय होतं याची खात्री कोण देणार?

या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू ठरली ती पाचशेच्या आत मिळणारं ते पेन. मुलगी शाळेतून आली की आधी नळाखाली पेन धरायची, मग खाली वॉचमनकाकांना विचारायची. "आज महापालिकेचं आहे का काका?" "नाही ताई, सकाळीच दोन टँकर पडले." पेन आणि काका यांची उत्तरं जुळली नाहीत असं क्वचितच झालं.

टँक सायकल करताना

क्लोरीन गेलं म्हणजे पाणी सुरक्षित झालं, हा दुसरा समज. प्राणी जी घाण टाकतो तिचा अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्तीला यावे लागतात: एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. वस्ती जमायला चार ते आठ आठवडे लागतात. प्राणी नसताना त्यांना खायला अमोनिया द्यायचा, याला टँक सायकल करणं म्हणतात.

टँक तीन फुटी घेतला होता, प्रत्यक्ष पाणी ११५ लिटर. प्रवाह मंद हवा म्हणून दोन स्पंज फिल्टर. अमोनियासाठी मला नवसागर आठवला, कल्हईवाले भांड्यावर टाकतात तो. तो म्हणजे अमोनियम क्लोराइडच. पण बाजारातल्या नवसागरात धातूंची भेसळ असू शकते आणि तांब्याचा अंश उभयचरांना घातक. म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचं आणलं. ११५ लिटरमध्ये २ पीपीएम अमोनिया आणायला पाऊण ग्रॅमहूनही कमी लागतं. मुलीने सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून पुड्या बांधून ठेवल्या.

इथे एक गंमत. थंड पाण्याच्या प्राण्याचा टँक, आणि मी त्यात हीटर लावायला सांगितला, २८ अंशांवर. जिवाणू कोमट पाण्यात भराभर वाढतात, १८ अंशांत रेंगाळतात. प्राणी नसेपर्यंत टँक जिवाणूंच्या सोयीने चालवायचा, तो यायच्या आधी गार करायचा. आजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

जुना स्पंज मागून आणायचा पर्यायही होता. वडिलांच्या मित्राकडे गप्पींचा चालता टँक होता. त्यातला स्पंज टाकला असता तर काम निम्म्यावर आलं असतं. चौकशी केल्यावर कळलं, महिन्याभरापूर्वी त्या टँकमध्ये माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर हिरवं औषध टाकलं होतं. त्या स्पंजसोबत औषधही आलं असतं आणि रोगही. नको म्हटलं.

पहिले दोन आठवडे छान गेले. अमोनिया उतरत होता, नायट्राइट चढत होता. मग सगळं थबकलं. चार दिवस अमोनिया २ वर अडून बसला. घरच्यांनी किट जुना झाला असेल म्हणून नवा आणला. तोही तेच सांगत होता. पीएच पाहिला तर ६.१. केएच शून्य.

कारण साधं आहे, पण ते या मऊ पाण्यातच दिसतं. अमोनिया पचवताना जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते पाण्यातला केएच खातं. दर २ पीपीएम अमोनियामागे साधारण ०.७ केएच. मुळात ३ होता. चार-पाच पुड्यांत संपला. पीएच कोसळला आणि जिवाणूंनी काम थांबवलं. जड पाण्याच्या गावात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन उपाय केले. तातडीचा, खायचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅममागे केएच १ ने वाढतो. त्या हिशेबाने ७ ग्रॅम एका दिवसात, दोन भागांत विरघळवून. कायमचा, शिंपल्यांचा चुरा. पोल्ट्रीवाले कोंबड्यांना देतात तो. धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरशेजारी टांगला. पाणी आम्लाकडे झुकलं की तो आपोआप विरघळतो, नसेल तर पडून राहतो. सोड्यानंतर दोन दिवसांत अमोनिया पुन्हा उतरायला लागला.

एक धोका मी मुद्दाम सांगून ठेवला होता. अमोनिया भरलेल्या टँकचा पीएच सोड्याने वर नेणं हे प्राणी आत नसतानाच करायचं. पीएच ७ आणि २५ अंशांवर एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवरचा आकडा तोच, पण विष दहापट. आत प्राणी असता तर आधी पाणी बदलावं लागलं असतं, सोडा नंतर.

प्राणी आधी आला

फेब्रुवारी संपला तेव्हा टँक अर्धवट होता. दुकानातून फोन आला: आठवड्यात न्या, नाहीतर दुसऱ्याला देतो, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. माझं पहिलं मत होतं, पैसे सोडा. प्राणी जाणार असेल तर जाऊ दे, टँक तयार झाल्यावर दुसरा मिळेल. मग वडील दुकानात जाऊन थर्मामीटर बुडवून आले. २७ अंश. त्याच पाण्यात आणखी तीन होते, एकाच्या शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, म्हणजे ताणाची खूण. मुलीने तिचा ओळखून ठेवला होता. "बाबा, तो तिथे महिनाभर राहिला तर मरेल." हे बोलणं भावनेचं होतं, पण चुकीचं नव्हतं.

दोन्ही बाजूंना वजन होतं. ठरलं ते टबमध्ये ठेवायचं. २५ लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात १६ लिटर ड्रमचं पाणी, बेडरूममध्ये कोपऱ्यात, अंधारात. रोज संध्याकाळी सगळं पाणी बदलायचं, म्हणजे अमोनिया साचायला वेळच मिळत नाही. गारव्यासाठी फ्रीझरमध्ये गोठवलेल्या एक लिटरच्या बाटल्या, आळीपाळीने. बदलायचं पाणी टबच्याच तापमानाला आणून ठेवायचं. एकदम दोन-तीन अंशांचा धक्का नको.

कागदपत्रांचाही प्रश्न याच वेळी निघाला. हा प्राणी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा परदेशी प्राण्यांची नोंद करणं सक्तीचं झालं, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. दुकानदार आधी "त्याचं काही लागत नाही" म्हणाला. वडिलांनी कागदाशिवाय नेणार नाही असं सांगितल्यावर पावती आणि पैदास करणाऱ्याचा तपशील मिळाला. दुकानाशी वाद घालायला बाकी कुठलंही हत्यार या घराकडे नव्हतं. हे मात्र चाललं.

टबमध्ये प्राणी पाच आठवडे राहिला. तापमान १७ ते २१ च्या दरम्यान हिंदकळत राहिलं, रात्री एसी चालू असताना कमी, दुपारी जास्त. दुसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्याच्या टोकाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. बुरशी. दुकानातून हिरवं औषध सुचवण्यात आलं. ते अ‍ॅक्सोलोटलला सोसत नाही. आम्ही बदामाची पानं वापरली, सोसायटीच्या आवारात पडतात तीच, देशी बदामाची, पिकून तपकिरी झालेली. परदेशात हीच पानं माशांच्या दुकानात पाकीटबंद विकतात. धुऊन, उकळून, गार करून तो अर्क पाण्यात इतकाच टाकला की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यावा. त्याच वेळी टबचं तापमान १७ वर टिकवण्याचा कटाक्ष ठेवला. पुंजका गेला. पानांमुळे की गारव्यामुळे, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा कौल गारव्याला.

पंखा की चिलर

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टँक सायकल झाला. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. हीटर काढला. आणि पाणी २९ अंशांवर गेलं, कारण आता पुण्याचा उन्हाळाच हीटरचं काम करत होता.

पाणी थंड करणाऱ्या छोट्या काँप्रेसर चिलरचं कोटेशन पस्तीस हजारांच्या घरात आलं. प्राणी सात हजारांचा. घरात दोन दिवस शांतता होती. आधी पंखा करून पाहू, असं ठरलं. पाण्यावर वारा मारला की बाष्पीभवन होतं आणि पाणी थंड होतं. पुण्यात मार्च-एप्रिलची दुपार कोरडी असते, त्यामुळे हा उपाय इथे मुंबईपेक्षा चांगला चालतो. चाललाही: २९ चं २५ झालं. चार अंश म्हणजे पंख्याच्या मानाने उत्तम, पण प्राण्याला हव्या त्या आकड्यापासून सात अंश दूर. शिवाय जूनमध्ये हवा दमट झाली की हे चार अंशही मिळत नाहीत.

पंख्याच्या प्रयोगातून एक गोष्ट मात्र शिकता आली. रोज दीड सेंटिमीटर पाणी उडत होतं. उडतं ते नुसतं पाणी. क्षार मागे राहतात. तेवढीच भर ड्रममधून घातली तर जडपणा हळूहळू चढत जातो. दहा दिवसांत जीएच ७ चा ९ झाला. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालायची आणि बदलायचं पाणी ड्रममधून, असा नियम केला. आजींचं आरओ शेवटी कामाला आलं आणि त्यांनी ते बोलून दाखवलं.

चिलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. फर्निचरवाल्याने त्यासाठी टँकखालच्या कपाटात जागा केली होती. तिथे बसवला असता तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसला असता. तो बाहेर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला. पाणी २८ वरून १८ वर एकदम न आणता रोज दोन अंशांनी उतरवलं, जिवाणूंसाठी. १८ वर पोचल्यावर पुन्हा १ पीपीएमची चाचणी घेतली: साफ व्हायला दीड दिवस लागला. २८ अंशांचा टँक आणि १८ अंशांचा टँक, जिवाणू तेच असले तरी ताकद वेगळी. म्हणून प्राणी सोडल्यावर पहिले दोन आठवडे खाणं निम्मं आणि अमोनियाची तपासणी रोज.

निष्पत्ती

जूनच्या सुरुवातीचे आकडे: तापमान १७.५ ते १८.५, पीएच ७.४, जीएच ७, केएच ५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आठवड्याच्या पाणीबदलाआधी नायट्रेट १५ ते २०. दर रविवारी २५ लिटर बदलतात. प्राणी तेवीस सेंटिमीटरचा झाला आहे, कल्ल्यांचे झुपके भरगच्च, गांडुळं आवडीने खातो. एप्रिलच्या मध्यात सोसायटीने टाकी धुऊन त्यात टीसीएल टाकली आणि तीन दिवस ओटी टेस्टला गडद पिवळा रंग येत होता. या घरात त्याचा काही परिणाम झाला नाही. ड्रम आधीच भरलेला होता. एका गुरुवारी महावितरणच्या देखभालीत चार तास वीज नव्हती. फ्रीझरमधल्या बाटल्यांवर पाणी २० च्या आत राहिलं.

विजेचं बिल मे महिन्यात चांगलंच वाढलं.

वेगळं काय करता आलं असतं

कामांचा क्रम. चिलरचं कोटेशन बुकिंगच्या आधी मागवायला हवं होतं. ते समोर असतं तर कदाचित या घराने अ‍ॅक्सोलोटल घेतलाच नसता आणि तोही चांगला निर्णय ठरला असता. पुण्यात चिलरशिवाय हा प्राणी पाळू नये असं माझं मत आहे. बाटल्यांवर उन्हाळा काढणारे लोक आहेत, पण त्यासाठी दिवसभर घरी कुणीतरी लागतं. या घरात आजी होत्या म्हणून टबचे पाच आठवडे निभावले.

प्राणी आधी आणण्याच्या निर्णयावर आमच्यात अजून एकमत नाही. तो वाचला, हे खरं. पण आगाऊ रकमेची अट मानून आपण दुकानदाराला हेच शिकवतो की घाई केली की माल उचलला जातो, आणि त्या २७ अंशांच्या पाण्यात पुढचा प्राणी येतो. मुलीचं म्हणणं वेगळं आहे: पुढच्याचं पुढे, समोरचा मरत होता. मला तिच्याशी वाद घालता येत नाही.

केएच पहिल्या दिवशी मोजला होता, ३ आला होता. त्याच दिवशी शिंपल्यांची पिशवी टाकली असती तर अडकलेले दिवस वाचले असते. खडकवासल्याच्या पाण्यावर टँक सायकल करणाऱ्या प्रत्येकाला आता मी ती पहिल्या दिवशीच टाकायला लावतो. तपासणीच्या कागदी पट्ट्यांवर भागवण्यापेक्षा थेंबांचा किट सुरुवातीलाच घ्यावा. पट्टीवर अमोनियाचा चौकोन बहुतेक वेळा नसतोच.

आता पावसाळ्याची तयारी चालू आहे. धरणात नवं पाणी आलं की नळाला गढूळ येतं आणि शुद्धीकरणात क्लोरीनही जास्त पडतं, तेव्हा टीडीएसचं पेन काही सांगत नाही. गाळ त्याला दिसत नाही. म्हणून दुसरा ड्रम आणला आहे. तो बाल्कनीत कुठे मावणार यावरून आजी आणि नात यांची बोलणी सुरू आहेत, कारण तिथे तुळशीची कुंडी आहे.